रंकाळा कितव्या पायरीवर पुसला जातो? प्रतिमा-पिरॅमिडचे विवेचन

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. त्यामुळे ५५ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, शाहूपुरीत आणि सुतारवाड्यात पाणी घुसले. अशा पुराचा उपग्रहावरून काढलेला नकाशा आपण मोबाइलवर उघडतो आणि दोन बोटांनी लहान-मोठा करतो. पाहताना वाटते की एकच चित्र जवळ येते आणि लांब जाते. प्रत्यक्षात दर वेळी पडद्यावर निराळे चित्र येत असते. कुणीतरी, बहुधा एखाद्या प्रोग्रॅमने, ती सगळी चित्रे आधीच तयार करून एकावर एक रचून ठेवलेली असतात: तळाशी सर्वांत तपशीलवार, वर जाताना प्रत्येक पायरीवर रुंदी आणि उंची निम्मी. या रचनेला प्रतिमा-पिरॅमिड म्हणतात. संगणकाला चित्रातले काही शोधायला, जुळवायला किंवा मोजायला सांगायचे असेल, तर बहुतेक ठिकाणी सुरुवात इथूनच होते.

रचना दिसायला सोपी आहे आणि तिचा कोड पायथनमध्ये दहा ओळींत मावतो. पण वरच्या पायरीवर काय राहील आणि काय जाईल, हे त्या दहा ओळीच ठरवतात. ते ठरवणे प्रोग्रॅमरने जमिनीवरच्या मीटरांत, आणि नेमक्या कामाकडे पाहून, केले पाहिजे. ओपनसीव्ही किंवा जीडीएएल या तयार साधनांच्या ठरीव पर्यायावर ते सोडून दिले की काय होते, ते पुढे कोल्हापूरच्याच उदाहरणांनी पाहू.

पायथा आणि पायऱ्या

युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे कुणालाही फुकट मिळतात. निळा, हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त या चार पट्ट्यांत त्यांचा एक पिक्सेल जमिनीवर १० मीटर असतो. चित्र चौकोनी तुकड्यांत येते. एका तुकड्याची बाजू १०,९८० पिक्सेल, म्हणजे जवळपास ११० किलोमीटर. कोल्हापूर शहर, पन्हाळा, जोतिबाचा डोंगर आणि भोवतालचे तालुके आकाराने त्यात सहज मावतात. हा तुकडा आपला पायथा धरू आणि त्याला शून्यावी पायरी म्हणू.

रंकाळा साधारण किलोमीटरभर रुंद आहे. पायथ्यावर तो शंभर पिक्सेलांचा दिसतो. काठाची वळणेही ओळखू येतात. पहिल्या पायरीवर पिक्सेल २० मीटरचा होतो आणि रंकाळा पन्नासांवर येतो. तिसऱ्या पायरीवर, ८० मीटरच्या पिक्सेलमध्ये, तो बारा-तेरा पिक्सेलांचा डाग असतो. पाचव्या पायरीवर तीन पिक्सेल उरतात. सहाव्या पायरीवर पिक्सेल ६४० मीटरचा आणि रंकाळा जेमतेम दीड पिक्सेल. सातवीवर तो शेजारच्या वस्तीत आणि शेतांत मिसळून जातो. पंचगंगेचे नेहमीचे पात्र ८०-९० मीटरचे धरले तर ते तिसऱ्या पायरीवर एका पिक्सेलवर येते आणि त्यापुढे विरघळू लागते. पुराच्या दिवसांत हीच नदी काठच्या शेतांत किलोमीटरभर पसरली की मात्र ती पाचव्या पायरीवरही ठळक दिसते. म्हणजे कोणती पायरी उपयोगी, याचे उत्तर नदीच्या त्या दिवसाच्या रुंदीवर ठरते. पायऱ्या किती करायच्या, हा प्रश्न विचारताना आधी आपल्याला हव्या असलेल्या सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या वस्तूची रुंदी मीटरमध्ये लिहून काढावी. पायऱ्यांची संख्या त्यातूनच निघते.

जागेचा हिशेब हलका आहे. प्रत्येक पायरीत आधीच्या पायरीच्या एक चतुर्थांश पिक्सेल असतात. एक चतुर्थांश, त्याचा चतुर्थांश, असे बेरजेत घेत गेले की सगळ्या वरच्या पायऱ्या मिळून पायथ्याच्या एक तृतीयांश होतात. आपल्या तुकड्यात सुमारे १२ कोटी पिक्सेल आहेत, तर सबंध पिरॅमिडचा जादा भार ४ कोटींचा. एवढ्या भाड्यात कुठल्याही अंतरावरून पाहण्याची सोय होत असेल तर ती स्वस्तच म्हणायची.

बाजूची लांबी मात्र नीट निम्मी होत जात नाही. १०,९८० चे ५,४९०, त्याचे २,७४५, आणि तिथे विषम संख्या येते. ओपनसीव्हीतले पायर-डाउन हे फंक्शन अशा वेळी एक मिळवून निम्मे करते, म्हणजे १,३७३. मग ६८७, मग ३४४. हा एक पिक्सेलाचा फरक क्षुल्लक वाटतो. पुढे तो पाय अडकवतो.

गाळणीशिवाय पायरी नाही

चित्र निम्मे करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एकाआड एक पिक्सेल उचलणे. पायथनच्या नमपाय या गणिती संचात ती अर्धी ओळ आहे. ही अर्धी ओळ काय घोटाळा करते ते पाहायला उसाचे शेत हवे, आणि कोल्हापूर जिल्ह्यात त्याला तोटा नाही.

साडेचार फुटी सरीचे शेत घ्या. साडेचार फूट म्हणजे १३७ सेंटिमीटर. वरून ड्रोनने ५ सेंटिमीटरच्या पिक्सेलचे चित्र घेतले, तर दोन ओळींमधले अंतर सत्तावीस पिक्सेलांहून थोडे जास्त भरते. ओळी मोजायला, नांग्या कुठे पडल्या आहेत ते शोधायला हे भरपूर झाले. आता एकाआड एक पिक्सेल उचलत वर चढू: १० सेंटिमीटर, २०, ४०, ८०. चौथ्या पायरीवर पिक्सेल ८० सेंटिमीटरचा आहे. एक ओळ आणि तिच्या शेजारची सरी मिळून नीट दिसायची असेल, तर त्या जोडीला किमान दोन पिक्सेल लागतात, म्हणजे १६० सेंटिमीटर. आपली जोडी १३७ चीच आहे. मग चित्रात काय दिसेल? धूसर हिरवा पट्टा दिसेल असे वाटते, पण तसे होत नाही. स्वच्छ, रेखीव ओळी दिसतात, आणि त्या खोट्या असतात. गणित केले तर या खोट्या ओळींमधले अंतर १.९२ मीटर, म्हणजे सव्वासहा फुटांच्या आसपास निघते. जिथे शंभर ओळी आहेत तिथे एकाहत्तर मोजल्या जातील. आणखी एक पायरी वर गेलो तर पट्टे साडेनऊ मीटरवर दिसू लागतात. कुठल्याही शेतकऱ्याने इतक्या रुंद सरीवर ऊस लावलेला नाही, हे प्रोग्रॅमला कळण्याचे काही कारण नाही. अभियंते याला एलियासिंग म्हणतात.

उपाय असा: पिक्सेल टाकण्याआधी चित्रातला तो बारीक तपशील काढून टाकायचा, जो पुढच्या पायरीवर खरेपणाने मावणारच नाही. म्हणजे आधी धूसर करायचे आणि मग निम्मे करायचे. पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेलसन यांनी १९८३ मध्ये आपल्या निबंधात यासाठी पाच वजनांची गाळणी रूढ केली. पायर-डाउनमध्ये आजही त्याच कुळातली गाळणी आहे: १, ४, ६, ४, १, आणि भागिले १६. आधी आडवी, मग उभी फिरवायची.

या पाच आकड्यांकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. बेरीज १६ असल्यामुळे चित्राचा एकूण उजेड कमी-जास्त होत नाही. टोकाची दोन आणि मधले एक मिळून ८, उरलेली दोन मिळूनही ८. त्यामुळे खालच्या पायरीवरचा प्रत्येक पिक्सेल, सम असो की विषम, वरच्या पायरीला सारखाच वाटा देतो. आणि एक वजा चार, अधिक सहा, वजा चार, अधिक एक म्हणजे शून्य. म्हणून एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशी सर्वांत बारीक नक्षी ही गाळणी समूळ पुसते. इतक्या कमी आकड्यांत इतके साधणारी दुसरी गोष्ट या क्षेत्रात मला तरी आढळलेली नाही.

आता तेच शेत तीन मार्गांनी चौथ्या पायरीवर नेऊ. ओळी चित्राच्या कडेला समांतर आहेत आणि उजेड-सावलीची लाट साधी आहे, असे धरू. एकाआड एक पिक्सेल उचलले तर खोट्या ओळींचा ठळकपणा मूळच्या शंभर टक्के राहतो. दोन बाय दोन पिक्सेलांची साधी सरासरी घेत गेलो तर ५३ टक्के. पाच वजनांच्या गाळणीने सुमारे ८ टक्के. पाचव्या पायरीवर साध्या सरासरीत अजून १४ टक्के शिल्लक असतात, तर पाच वजनांच्या गाळणीत ते शून्यात जमा. बरेच जण सरासरीला पुरेशी गाळणी समजतात. उसाच्या शेतावर ती पुरेशी नाही. उलट पाच वजनांची गाळणी खऱ्या ओळीही जरा लवकर मऊ करते: तिसऱ्या पायरीवर, जिथे पिक्सेल ४० सेंटिमीटरचा आहे आणि ओळी अजून प्रामाणिकपणे दिसू शकतात, तिथे ठळकपणा ५७ टक्क्यांवर आलेला असतो. ही किंमत द्यावीच लागते.

उपग्रहचित्रांसाठी जगभर वापरले जाणारे जीडीएएल हे साधन वरच्या पायऱ्या बांधताना, वेगळे सांगितले नाही, तर जवळचा एक पिक्सेल उचलते; गाळणी लावत नाही. त्यात वेग मिळतो आणि सरासरी किंवा गाउसियन गाळणीचा पर्याय एका शब्दाच्या अंतरावर आहे. तो शब्द लिहायचे राहून गेले की खोटे पट्टे नकाशात शिरतात.

अर्धा पिक्सेल

दुसरा दोष डोळ्याला दिसत नाही, म्हणून जास्त दिवस टिकतो. पाच वजनांची गाळणी सम क्रमांकाच्या पिक्सेलवर केंद्र ठेवते: वरचा शून्यावा पिक्सेल खालच्या शून्याव्याच्या बरोबर माथ्यावर, वरचा पहिला खालच्या दुसऱ्याच्या माथ्यावर. दोन बाय दोनची सरासरी मात्र चार पिक्सेलांच्या मधोमध बसते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण नकाशाच्या फाइलीत पिक्सेल म्हणजे जमिनीचा चौकोन असतो आणि चित्राचा वायव्य कोपरा पक्का धरलेला असतो. हा हिशेब सरासरीच्या पद्धतीशी जुळतो, पायर-डाउनशी जुळत नाही.

एका पायरीला चूक अर्ध्या पिक्सेलाची. दर पायरीला ती दुप्पट होते आणि अर्धा मिळत जातो. पाचव्या पायरीपर्यंत ती पायथ्याच्या साडेपंधरा पिक्सेलांवर पोचते. १० मीटरच्या पिक्सेलला म्हणजे १५५ मीटर पूर्वेला आणि १५५ मीटर दक्षिणेला. रंकाळा तेवढा सरकतो. पूररेषा सरकते. पुरापूर्वीच्या आणि नंतरच्या दोन चित्रांवर एकच पद्धत वापरली असेल तर दोन्ही सारखीच सरकतात आणि तुलनेत काही जाणवत नाही; एका चित्राचा पिरॅमिड ओपनसीव्हीने आणि दुसऱ्याचा जीडीएएलने केला असेल, तर न आलेला पूर काठावर उभा राहतो. उपाय एका बेरजेचा आहे: प्रत्येक पायरीच्या कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश त्या पायरीच्या गाळणीप्रमाणे दुरुस्त करून फाइलीत लिहायचे.

मोठे चित्र एका दमात स्मृतीत घेता येत नाही, तेव्हा ते तुकड्यातुकड्यांनी चालवतात. तिथेही हाच जमाखर्च आहे. गाळणी दोन्ही बाजूंना दोन-दोन पिक्सेल पाहते. पाच पायऱ्या चढायच्या तर प्रत्येक तुकड्याला शेजारच्या तुकड्यातले २, ४, ८, १६ आणि ३२ मिळून ६२ पिक्सेल सोबत द्यावे लागतात. दिले नाहीत तर वरच्या पायरीवर तुकड्यांचे सांधे रेघांसारखे उमटतात.

वजाबाकीचा पिरॅमिड

आतापर्यंत पाहिला तो गाउसियन पिरॅमिड. वरची पायरी पुन्हा दुप्पट मोठी करून खालच्या पायरीतून वजा केली, की उरतो तो फक्त त्या पायरीवर गमावलेला तपशील. अशा वजाबाक्यांच्या थराला लाप्लासियन पिरॅमिड म्हणतात. बर्ट आणि एडेलसन यांनी तो मुळात चित्रे कमी जागेत साठवण्यासाठी मांडला. चित्रांचे सांधे बेमालूम जोडण्यासाठी तो कसा वापरावा हेही त्यांनीच त्याच वर्षी दाखवले. ड्रोनच्या शेकडो फोटोंची एक चादर शिवताना आजही तीच युक्ती चालते: वरच्या पायऱ्यांवर सांधा रुंद ठेवायचा, तपशीलवार खालच्या पायऱ्यांवर अरुंद. त्यामुळे ढगाच्या सावलीतला फोटो आणि उन्हातला फोटो यांच्यातली रेघ दिसत नाही आणि घरांच्या कडाही दुहेरी होत नाहीत.

कोड लिहिताना इथे दोन खड्डे आहेत. पहिला विषम आकाराचा: १,३७३ ला दुप्पट केले की २,७४६ होतात आणि खाली २,७४५ वाट पाहत असतात, वजाबाकी होतच नाही. मोठे करताना इच्छित आकार हाताने द्यावा लागतो. दुसरा ऋण संख्यांचा. आठ बिटांच्या चित्रात १०० मधून ११० वजा केले तर नमपाय २४६ देते, आणि ओपनसीव्हीची वजाबाकी शून्यावर थांबते. दोन्ही चूक. वजाबाकीपूर्वी चित्र दशांश संख्यांत नेले की प्रश्न मिटतो.

पाण्याचा मास्क

खरा पेच पुराच्या नकाशात आहे, कारण तिथे चित्र चित्र राहत नाही. ऑगस्टमध्ये कोल्हापूरवर ढग असतात आणि सेंटिनेल-२ ला ढगांपलीकडचे दिसत नाही. म्हणून पुराच्या दिवसांत रडारचे चित्र वापरतात. सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी ढगांतून जातात. शांत पाण्यावरून त्या आरशासारख्या दुसरीकडे परावर्तित होतात, उपग्रहाकडे फारसे काही परत येत नाही आणि पाणी काळे दिसते. एक मर्यादा आधीच सांगितली पाहिजे: पुरुषभर उंचीच्या आडसाली उसाच्या बुडाशी साचलेले पाणी या लहरींना बऱ्याचदा दिसत नाही. गाळणी कितीही चांगली असली तरी पायथ्यावर जे आलेच नाही ते वर आणता येत नाही.

रडारच्या चित्रात दाणेदारपणा फार. चार पिक्सेलांची सरासरी घेतली की तो निम्म्याच्या आसपास येतो. शेजारी पिक्सेल पूर्ण स्वतंत्र नसल्यामुळे प्रत्यक्षात सुधारणा थोडी कमी पडते. तरीही पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर पाणी आणि कोरडी जमीन यांची फारकत पायथ्यापेक्षा स्वच्छ होते. तपशील कमी झाला आणि ज्ञान वाढले, असे इथे खरोखर घडते.

पण सरासरी कशाची? रडारच्या किमती डेसिबलमध्ये ठेवण्याचा रिवाज आहे आणि डेसिबल हा लॉगचा हिशेब आहे. समजा एक पिक्सेल पाण्याचा, उणे २० डेसिबल. दुसरा जमिनीचा, उणे ८. डेसिबलांची सरासरी उणे १४. मूळ ऊर्जेची सरासरी काढून मग डेसिबलमध्ये नेली तर उणे १०.७. पाण्याची सीमा उणे १३ वर ठेवली असेल, तर पहिल्या हिशेबाने हा पिक्सेल पाण्यात आणि दुसऱ्याने कोरड्यात जातो. बरोबर दुसरा, कारण उपग्रहाने मोजली ती ऊर्जा. पिरॅमिड ऊर्जेवर बांधायचा आणि डेसिबल शेवटी. डेसिबलवर बांधलेला पिरॅमिड पूर फुगवतो, आणि वरच्या प्रत्येक पायरीवर आणखी फुगवतो.

चित्राच्या कडेला जिथे उपग्रहाने पाहिलेच नाही, तिथे शून्ये भरलेली असतात. गाळणीला ती शून्ये काळे पाणी वाटतात. वर चढताना ती आत झिरपतात आणि चित्राच्या कडेने एक न वाहणारी नदी तयार होते. यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे: ज्या जागी खरे मोजमाप आहे तिथे १ आणि नाही तिथे ० असा दुसरा थर करायचा, चित्र आणि थर दोन्हींवर गाळणी फिरवायची आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे.

मग येतो मास्क: पाणी १, कोरडे ०. याचा पिरॅमिड कसा बांधायचा, यावर मतभेदाला जागा आहे असे मानतात. मला वाटते, काम कोणते ते सांगितले की मतभेद उरत नाही. बुडालेल्या महामार्गाचे उदाहरण घ्या. पाण्याची पट्टी ३० मीटर रुंद, म्हणजे १० मीटरच्या पायथ्यावर तीन पिक्सेल. तिसऱ्या पायरीवर, ८० मीटरच्या एका पिक्सेलमध्ये, ती ३७.५ टक्के जागा व्यापते. आठ-आठच्या चौकटीत बहुमताने निर्णय घेतला तर पिक्सेल कोरडा ठरतो आणि बुडालेला रस्ता नकाशावरून नाहीसा होतो. चौकटीतली सर्वांत मोठी किंमत घेतली तर पिक्सेल ओला ठरतो, रस्ता दिसतो, पण पाणी ८० मीटर रुंद होते, खऱ्याच्या पावणेतीन पटींच्या जवळ. साधी सरासरी ठेवली तर ०.३७५ हा आकडा उरतो. क्षेत्र अचूक राहते, पण नकाशा पाहणाऱ्याला हो की नाही ते कळत नाही.

म्हणून आपत्ती व्यवस्थापनाच्या नकाशाला, जिथे गाडी वळवायची की नाही हे ठरते, सर्वांत मोठी किंमत घ्यावी. थोडे जादा पाणी दाखवलेले परवडते, रस्ता मोकळा दाखवलेला परवडत नाही. नुकसानीच्या हिशेबाला सरासरी, म्हणजे अंशांचा पिरॅमिड. बहुमताचा नियम पीक-नकाशासारख्या ठिकाणी चालतो, जिथे ऊस, भात आणि सोयाबीन यांची सरासरी काढण्यात अर्थच नसतो. आणि नुसता एक पिक्सेल उचलण्याचा नियम पाण्याच्या मास्कला कुठेच लावू नये. जीडीएएलमध्ये पायऱ्या बांधताना सरासरीचा आणि बहुमताचा पर्याय तयार मिळतो. सर्वांत मोठ्या किमतीचा नियम नमपायमध्ये दोन-दोनच्या चौकटी करून हाताने लिहावा लागतो. काम चार ओळींचे आहे.

क्रमही महत्त्वाचा. आधी सीमा लावून मास्क करणे आणि मग पिरॅमिड, की आधी पिरॅमिड आणि मग सीमा? दोन्हींची उत्तरे वेगळी येतात. पहिल्यात दाणेदारपणा मास्कमध्ये गोठतो, दुसऱ्यात अरुंद गल्ल्या आधीच विरघळतात. मला पटणारा मार्ग दोन्हींची सांगड घालतो: दुसऱ्या पायरीवर खात्रीचे पाणी ठरवायचे, मग एकेक पायरी उतरत फक्त त्याच्या काठालगतच्या पिक्सेलांची फेरतपासणी करायची. आतले पाणी वरच्या पायरीने ठरवले, काठ पायथ्याने.

वरून खाली शोध

पिरॅमिडचा जुना आणि सर्वांत किफायतशीर उपयोग म्हणजे दोन चित्रे एकमेकांवर बसवणे. पुरापूर्वीचे आणि नंतरचे ड्रोनचित्र कोणत्याही दिशेला ३२ पिक्सेलांपर्यंत सरकलेले असू शकते असे धरा. पायथ्यावर सगळ्या शक्यता तपासायच्या तर ६५ गुणिले ६५, म्हणजे ४,२२५ जागा. पाचव्या पायरीवर ३२ पिक्सेल म्हणजे एकच पिक्सेल; तिथे नऊ जागा तपासायच्या, उत्तर दुप्पट करून खालच्या पायरीवर न्यायचे, तिथे पुन्हा नऊ. सहा पायऱ्यांच्या मिळून ५४, आणि त्यातल्याही बहुतेक लहान चित्रांवर. वेगापेक्षा मोठा फायदा दुसरा आहे. उसाच्या ओळी एकसारख्या असल्यामुळे पायथ्यावर एका सरीने सरकलेली जुळणीही उत्तम वाटते. वरच्या पायरीवर ओळी नसतातच. तिथे ओढा, बांध आणि रस्ता जुळवले जातात, आणि खाली येईपर्यंत चूक एका सरीपेक्षा कमी झालेली असते. मात्र मधल्या पायरीवर खोट्या ओळी शिरल्या असतील तर हाच शोध हमखास फसतो.

वस्तू शोधताना निम्मे-निम्मे करणे पुरत नाही. ठरावीक खिडकीएवढ्या वस्तू ओळखणारा प्रोग्रॅम दोन पायऱ्यांच्या मधल्या आकाराच्या वस्तू चुकवतो. डेव्हिड लो यांनी २००४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात प्रत्येक दुपटीत तीन टप्पे घेतले, म्हणजे दर टप्प्याला सुमारे १.२६ पट. २०१७ मध्ये त्सुंग-यी लिन आणि सहकाऱ्यांनी न्यूरल नेटवर्कच्या आतच पिरॅमिड बांधला आणि बाहेरून चित्र लहान-मोठे करण्याची गरज पुष्कळ कमी झाली. गाळणीचा प्रश्न मात्र नेटवर्कमध्येही सुटलेला नव्हता. त्यांतही अधलेमधले पिक्सेल गाळणीशिवाय टाकले जात होते. रिचर्ड झांग यांनी २०१९ मध्ये दाखवले की टाकण्याआधी छोटी धूसर गाळणी बसवली तर चित्र एक-दोन पिक्सेल सरकल्यावर नेटवर्कचे उत्तर बदलण्याचे प्रमाण घटते.

नकाशाच्या खाली काय लिहावे

वेबवरच्या नकाशांत दर झूमला जग दुप्पट रुंद होते आणि २५६ पिक्सेलांच्या चौकोनी फरशांत कापले जाते. शून्याव्या झूमला सगळे जग एका फरशीत. कोल्हापूरच्या अक्षांशावर चौदाव्या झूमचा एक पिक्सेल सुमारे ९.१५ मीटर भरतो. म्हणजे सेंटिनेलचा पायथा साधारण तिथे. त्याहून जास्त मोठे करून आपले घर पुरात आहे की नाही ते पाहणाऱ्याला नवी माहिती मिळत नाही, तोच पिक्सेल ताणून दिसतो. आणि त्याहून लहान करून पाहणाऱ्याला मिळते ते गाळणीने ठरवलेले.

पुराचे नकाशे काढणाऱ्या विद्यार्थ्यांना, संस्थांना आणि कार्यालयांना म्हणून एक विनंती आहे. नकाशाच्या कोपऱ्यात दिशा आणि प्रमाण छापतोच. त्याखाली आणखी तीन ओळी छापाव्यात: पायथ्याचा पिक्सेल किती मीटरचा आहे, वरच्या पायऱ्या सरासरीने, बहुमताने की सर्वांत मोठ्या किमतीने बांधल्या आहेत, आणि हेक्टरांचा आकडा कोणत्या पायरीवर मोजला आहे. शिरोळ किंवा करवीरच्या शेतकऱ्याने पंचनाम्यावर हरकत घ्यायची ठरवली, तर त्याला या तीन ओळी लागतील.